शेवटच्या स्वाराची व्यवस्था

डिचोलीहून अस्नोड्याकडे जाणारा रस्ता आमच्या मुळगावातून जातो, आणि मार्गशीर्ष-पौषाच्या गारव्यात कधीमधी त्या रस्त्याने सायकलस्वारांचा एखादा जथा कोलवाळच्या पुलाकडे, व तेथून शापोरा ओलांडून पेडणे महालात उतरण्यासाठी जाताना दृष्टीस पडतो. अशा जथ्याचा अग्रभाग सर्वत्र सारखाच असतो; पण निरनिराळ्या संस्थांच्या अनेक दिवसांच्या सहलींत सामील होऊन, त्यांचे मुक्काम, भोजन, रसद आणि शिस्त जवळून न्याहाळल्यावर माझे मत असे बनले आहे, की कोणत्याही सामुदायिक सायकल-सहलीचे गुणावगुण ठरवायचे, तर तिच्या अगदी शेवटी कोण चालतो आणि त्याच्या दिमतीला काय असते, हे आधी पाहावे.

यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या राष्ट्रीय मोहिमांची रचना या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. तेथे तंबू जागचे हलत नाहीत, माणसे हलतात. एक तुकडी सकाळी मुक्काम सोडते आणि संध्याकाळी त्याच तंबूंत मागची तुकडी उतरते. तोच मुदपाकखाना, तीच भांडी, तोच शिबिरप्रमुख आणि तीच हजेरीची वही रोज नव्या मंडळींच्या उपयोगी पडत असल्यामुळे दरडोई खर्च इतका उतरतो, की विद्यार्थ्यांना आणि बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांनाही ती हौस परवडते. मात्र शिबिरप्रमुख आपल्या जागी राहतो, आणि वाटेवरचा नायक बहुधा सहभागी मंडळींतूनच निवडलेला असल्याने, मागे पडलेल्याची काळजी त्या नायकाच्या सौजन्यावर अवलंबून राहते.

याच्या उलट प्रकार 2008 साली सुरू झालेल्या ‘टूर ऑफ नीलगिरीज’सारख्या सहलींचा. तेथे सारा सरंजामच स्वारांबरोबर गावोगाव फिरतो: सामानाचे ट्रक, कारागीर, वैद्यकीय पथक, पाणी-फळांचे थांबे. मसिनगुडीहून उदकमंडलाकडे चढणाऱ्या कल्हट्टी घाटाची 36 वळणे ज्याने पाहिली आहेत, त्याला हा बंदोबस्त चैनीचा वाटणार नाही. पण जेथे पाठीमागे गाडी तयार असते, तेथे मागे पडलेल्याला उचलून गाडीत घालण्याची घाई व्यवस्थापकांना होण्याचा संभव असतो, आणि ज्याच्या पायांत अजून दोन कोसांची शक्ती शिल्लक आहे त्याला काचेआडून रस्ता पाहावा लागतो. मला हा अन्याय वाटतो.

तिसरी तऱ्हा लोकाश्रयाची. अमेरिकेतील आयोवा राज्यात 1973 साली सुरू झालेल्या वार्षिक सहलीत आता जुलैत हजारो माणसे पश्चिमेच्या सीमेवरून पूर्वेला मिसिसिपीपर्यंत सायकलने जातात, आणि वाटेवरची लहान गावे त्यांचे आतिथ्य करतात. आपल्याकडे नाशिकहून पंढरपूरला जाणाऱ्या सायकलवारीला तर वारीच्या परंपरेचाच आधार आहे.

या सगळ्यांत मला मनापासून भावलेला माणूस एका लहानशा सहलीत भेटला. पेडण्याच्या वाटेवर धारगळच्या पुढे चढ लागतो. तेथे मधल्या वयाच्या एका बाईंच्या मागच्या चाकातली हवा गेली. पुढचे केव्हाच दिसेनासे झाले होते. शेवटी चालणाऱ्या त्या गृहस्थाने प्रथम चेन सर्वांत लहान दात्यावर आणली, मग चाक सोडवले, आणि टायर उतरवण्यापूर्वी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूने खूण केली. ट्यूबला भोक कुठे आहे ते हवा भरून सापडताच, व्हॉल्व्हपासूनचे तितकेच अंतर टायरवर मोजून त्याने आतून हळूच बोट फिरवले, आणि जांभ्याचा नखाएवढा अणकुचीदार खडा नेमका काढला. तो न काढता नुसती ट्यूब बदलली असती, तर फर्लांगभरातच पुन्हा तेच झाले असते. बाई ओशाळून ‘तुम्हाला उशीर होतोय’ असे पुनःपुन्हा म्हणत होत्या. तो म्हणाला, “ताई, घाई करू नका. शेवटचा मीच आहे, माझ्यामागे कुणी खोळंबलेलं नाही.”

हा अधिकार त्याला आयोजकांनी स्पष्ट शब्दांत दिलेला होता: तो मुक्कामी पोहोचेपर्यंत हजेरी पूर्ण झाली असे कोणी समजायचे नाही आणि जेवणाची भांडी आवरायची नाहीत. केरीला तेरेखोल नदीवरच्या फेरीबोटीपाशी या नियमाचे मोल कळते, कारण धक्क्यावर आधी आलेले स्वार बोटीत चढून पलीकडे जातात, आणि मागच्यांना बोट परत येईतो अलीकडेच थांबावे लागते. म्हणून त्या सहलीत पुढच्यांनी पैलतीरावर थांबायचे असा हुकूम होता, व त्या खोळंब्याचा वेळ दिवसाच्या वेळापत्रकात आधीच धरलेला होता. सहलीचे शुल्क भरण्यापूर्वी मी आता आयोजकांना किलोमीटर आणि भोजनाचा तपशील विचारण्याआधी फेरीच्या धक्क्यावरचा हा कार्यक्रम विचारतो.