कंपनी तोट्यात गेली, मग सीईओ बदलायचा का? सभासदांनो, आधी हे तपासा

नाशिक : दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची 'सह्याद्री' सगळ्यांना माहीत आहे. तशा लहान-मोठ्या शेतकरी उत्पादक कंपन्या आता गावोगावी झाल्यात. वार्षिक सभेत तोट्याचा आकडा वाचला की मागून आवाज येतो, "सीईओ बदला!" पण सीईओला बदलतं कोण, आणि बदलावं कधी?

नेमतं कोण?
कंपनी कायद्याच्या कलम ३७८ डब्ल्यूनुसार उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे सीईओ, लागतोच. त्याला संचालक मंडळ नेमतं आणि तो सभासदांपैकी नसावा लागतो. रोजचा कारभार तो मंडळाच्या देखरेखीखाली बघतो. कंपनी कशी चालली, याची जबाबदारीही त्याचीच. त्याच्या अटी मंडळ ठरवतं, म्हणून ठेवायचं की काढायचं हेही मंडळाच्याच हातात. आणि मंडळ निवडून देतात सभासद.

तोटा कशामुळे?
८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. बंदी उठली ४ मे २०२४ ला. त्या काळात कांदा बाहेर पाठवणाऱ्या कंपनीचा धंदा बसला असेल, तर त्यात सीईओचा काय दोष? पण तोच धंदा करणारी शेजारची कंपनी तगली आणि आपलीच बुडाली, तर जाब विचारायलाच हवा.

मोठ्या कंपन्याही इथं चुकतात. डर्क जेंटर आणि फादी कनान यांच्या २०१५ च्या अभ्यासात दिसलं, की सगळ्या धंद्यालाच मंदी असली तरी सीईओंच्या नोकऱ्या जातात.

मंडळ कसं आहे?
मायकेल वाइसबाख यांनी १९८८ मध्ये अमेरिकी कंपन्या तपासल्या. ज्या मंडळात बाहेरचे संचालक जास्त, तिथं कामगिरी घसरल्यावर सीईओ बदलण्याची शक्यता जास्त दिसली. आपल्या मंडळातही एकूण संचालकांच्या एक पंचमांशापर्यंत तज्ज्ञ संचालक घेता येतात. सगळे एकाच भावकीतले बसले तर हिशेब विचारणार कोण?

सभासदांनी काय करावं?
• सभेची नोटीस किमान १४ दिवस आधी मिळायला हवी. सोबत ऑडिट झालेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक असतं. ते वाचूनच सभेला जा.
• मंडळाची बैठक दर तीन महिन्यांत एकदा तरी व्हावी लागते. झाली का, विचारा.
• शेअर कितीही असोत, एका शेतकऱ्याला मत एकच. ते वापरा.
• एक तृतीयांश सभासदांनी सह्या करून लेखी मागणी केली, तर मंडळाला विशेष सभा बोलवावी लागते.

हिशेब न विचारणारं मंडळ तसंच राहिलं, तर नवा सीईओ आणूनही फरक पडत नाही. म्हणून पुढच्या सभेत सीईओच्या आधी संचालकांना विचारा : वर्षभरात तुम्ही त्याला काय विचारलं?