नगरपालिकेनें कामें मक्त्यानें द्यावीं काय ?

लग्नकार्य निघालें म्हणजे आपल्याकडे आचारी बाहेरून बोलावितात. परंतु कोठीघराची किल्ली आचाऱ्याच्या हातीं कोणी देत नाहीं. शंभर पानांस तूप किती लागतें, डाळ किती भिजवावी, हें ठाऊक असलेली घरांतील एखादी काकू कोठीवर बसते व तिच्या नजरेखालून जिन्नस बाहेर जातो. ज्या घरीं अशी काकू उरली नाहीं, तेथें आचारी म्हणेल तें प्रमाण. झाडलोट, कचरा, दिवे, पाणी हीं कामें नगरपालिकेनें आपल्या नोकरांकडून करवावीं कीं ठेकेदारास द्यावीं, ही चर्चा आमच्या गांवीं सध्यां चालू आहे. ती ऐकतांना आम्हांस वारंवार ही कोठी आठवते.

मक्ता हा शब्द आपणांस नवा नाहीं. पेशवाईंत पूर्वीं महालाचा वसूल कमाविसदारामार्फत होई व त्याच्या हिशेबाची तपासणी सरकारी दफ्तरांत होत असे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत (१७९६–१८१८) मामलती जास्त बोली बोलणारास मक्त्यानें देण्याचा प्रघात पडला. मक्तेदार पोटमक्ते देई, आणि मुदत थोडी म्हणून प्रत्येकजण हातीं लागेल तें काढून घेई. रयतेनें फिर्याद न्यावयाची ती त्या मक्तेदाराकडेच ! पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टननें लिहिलेल्या अहवालांत ही हकीकत आली आहे. आजच्या ठेकेदारास त्या मक्तेदाराच्या पंक्तीस बसविणें अन्यायाचें होईल, हें आम्ही जाणतों. तथापि थोडी मुदत आणि पोटठेका हीं दोन लक्षणें आजही ओळखूं येतात.

उलट पक्षाचें म्हणणेंही टाकाऊ नाहीं. कायम नोकर सुस्तावतात, यंत्रें धूळ खात पडतात, हें आपण पाहतोंच. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत, ते राजाच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांचेच ! इंग्लंडांत १९८८ च्या कायद्यानें कचरा उचलणें, रस्ते झाडणें इत्यादि कामांसाठीं स्पर्धेच्या निविदा मागविणें स्थानिक संस्थांवर बंधनकारक केलें. त्यांत एक शहाणपण होतें. संस्थेच्या स्वतःच्या खात्यासही निविदा भरतां येई, आणि अनेक ठिकाणीं खात्यानेंच काम मिळविलें. (सक्ती मात्र टिकली नाहीं, २००० सालीं ती उठली.)

पुण्याचें उदाहरण आम्हांस याहून अधिक बोधक वाटतें. कागद, कांच, पत्रा वेंचून पोट भरणाऱ्या स्त्रियांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ तेथें १९९३ सालीं स्थापन झाली, तिच्यामागें डॉ. बाबा आढाव व श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठांतील कांहीं कार्यकर्त्या होत्या. पुढें त्यांतूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, आणि २००८ सालीं महानगरपालिकेनें तिच्याशीं पांच वर्षांचा करार केला. हाही एका अर्थीं ठेकाच. पण त्याची घडण पाहा. कचरा नेणारी बाई दरमहाचें शुल्क घरोघर स्वतः घेते. विकण्याजोगा कागद व प्लास्टिक तिचें. साधनें, हातमोजे आणि देखरेख यांचा भार महानगरपालिकेवर. मध्यें नफा घेणारा कोणी नाहीं, कारण तीन हजारांहून अधिक कष्टकरी हेच संस्थेचे सभासद. एखादे दिवशीं ती आली नाहीं, तर दुसरे दिवशीं घरांतील सूनबाईच दारांत तिला विचारते. निराळा तपासनीस लागत नाहीं. करार संपत आला कीं या बायकांचें काम राहतें कीं जातें, हा घोर मात्र पुन्हा उभा राहतो. आणि आपल्यासारख्या सुशिक्षित घरांविषयीं काय बोलावें ? जिच्या हातीं रोजचें खरकटें द्यावयाचें, तिला महिन्याच्या पैशांसाठीं तीनदां जिना चढावयास लावणारीं घरें आम्हांस ठाऊक आहेत.

मुंबईची कथा याच्या उलट. कचऱ्याच्या कामावरील २,७०० कामगार हे आपले नव्हेत, ठेकेदारांचे, असें तेथील महानगरपालिका म्हणत होती. ‘कचरा वाहतूक श्रमिक संघ’ या त्यांच्या संघटनेनें दाद मागितली. हे ठेके केवळ देखावा होत, असें ठरवून औद्योगिक न्यायाधिकरणानें २०१४ सालीं कामगारांस कायम करण्याचा निर्णय दिला, व एप्रिल २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो उचलून धरला. झाडू तोच, रस्ता तोच, हातही तेच. तर मग ठेक्यानें बचत होते ती कोठून? बहुधा मजुरींतून, आजारपणाच्या रजेंतून आणि म्हातारपणच्या तरतुदींतून. अशा बचतीवर आमची घरपट्टी दोन रुपयांनीं उतरली, तरी ती आम्हांस नको.

आतां थोडें घरचें. रस्त्यावरील दिवाबत्ती राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचींत (७४ वी दुरुस्ती, १९९२) नगरपालिकांच्या कामांत नमूद आहे. आमच्या आळींतील दिव्यांचें काम कांहीं वर्षांपूर्वीं ठेक्यानें गेलें. पहिलें वर्ष उत्तम गेलें, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. दुसऱ्या पावसाळ्यांत चार खांब अंधारले. नगरपालिकेंत गेलों, तों ठेकेदारास दूरध्वनि करा म्हणाले. ठेकेदाराचा मनुष्य म्हणाला, जमिनीखालील तार पालिकेची आहे. कोणत्या खांबाची तार कोठून येते हें ज्यास तोंडपाठ होतें, तो वायरमन निवृत्त झालेला, व ठेका दिल्यामुळें त्याची जागा भरलेलीच नव्हती. अखेर एका शेजाऱ्यास घेऊन आम्ही त्याच्या घरीं गेलों. त्यानें चपला पायांत सरकवल्या, आळींत येऊन पाराच्या मागची पेटी दाखविली, आणि तिसरे दिवशीं दिवे लागले. कोठीवरची काकू घरांतून जाते ती अशी.

पाण्याच्या कामीं तर ही भीति शतपट. नागपूर महानगरपालिकेचा पाणीपुरवठ्याचा पंचवीस वर्षांचा करार २०१२ सालीं अंमलांत आला. एवढ्या अवधींत नळांचें जाळें जाणणारी पालिकेंतील एक अखंड पिढी निवृत्त होते. पॅरिस शहरानें १९८५ पासून पाणीवाटप दोन खासगी कंपन्यांकडे सोंपविलें होतें. करार संपतांच, १ जानेवारी २०१० पासून, तें परत आपल्या हातीं घेतलें व २०११ मध्यें दर आठ टक्क्यांनीं उतरविला. पाणी आणणें व शुद्ध करणें यांवरील आपला हात शहरानें पुरता काढून घेतला नव्हता. परत घेतांना तें कामास आलें.

आमच्या नगरपालिकेच्या येत्या सभेंत कचऱ्याच्या ठेक्याचा ठराव यावयाचा आहे. आम्हीं एक अर्ज तयार केला आहे. सध्यां एका प्रभागास खर्च किती येतो, ठेक्याच्या रकमेपैकीं प्रत्यक्ष मजुरी किती, आणि मुदतीपूर्वीं काम परत घ्यावें लागल्यास गाड्या व माणसें कोठून आणणार, हें त्यांत विचारिलें आहे. शिवाय एक तरी प्रभाग नगरपालिकेनें स्वतःच्या माणसांकडे ठेवावा, म्हणजे दोन्हीं कामें ताडून पाहतां येतील, अशी विनंति केली आहे. अर्जावर आजवर सतरा घरांच्या सह्या झाल्या असून तिसरी सही त्या वायरमनची आहे.