ताणलेल्या रबराचे अंतरंग

रबर ताणले असता तापते, ही गोष्ट प्रथम नीट ताडली ती इंग्लंडमधील केंडल गावच्या जॉन गॉफ या, देवीच्या रोगाने बालपणीच दृष्टी गमावलेल्या, विद्वान गृहस्थांनी. आणि तीही कोणत्याही उपकरणाविना, केवळ ओठांच्या स्पर्शावरून. वजन टांगून ताणलेली रबराची पट्टी उष्णता दिल्यास लांबण्याऐवजी उलट आखडते, ही त्याहूनही विलक्षण हकीकत त्यांनी १८०५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात नमूद केली, आणि पुढे १८५९ मध्ये जूल यांनी काटेकोर मोजमापे घेऊन तिची खातरजमा केली.

पोलादाची तार ताणली म्हणजे तिच्या अणूंमधील अंतरे वाढतात आणि ती पूर्ववत होऊ पाहतात; रबराचा मामला मात्र अगदी निराळा आहे. आयसोप्रीनचे हजारो घटक एकापुढे एक जोडून झालेले त्याचे रेणू सैल अवस्थेत सुताच्या गुंत्याप्रमाणे वेडेवाकडे पडलेले असतात, आणि १८३९ साली गुडइयर यांना सापडलेल्या युक्तीने, म्हणजे गंधकासह तापवून, त्यांच्यात जागोजागी सांधे घातलेले असतात. ताण बसला की हे रेणू उलगडून एका दिशेस लागतात. परंतु उष्णतेमुळे अहोरात्र चाललेली त्यांची वळवळ त्यांना पुन्हा अव्यवस्थेकडे नेऊ पाहते, आणि बोटांना जाणवणारी ओढ ती मुख्यतः हीच. तापमान वाढले की वळवळ वाढते, म्हणून ओढही वाढते.

एवढ्यावर प्रकरण संपत नाही. १९२५ साली काट्झ या डच संशोधकाने रबरातून क्ष-किरण सोडून पाहिले, तेव्हा सैल रबराने छायापटावर नुसते धूसर वलय उमटवले, पण तेच रबर पुरेसे ताणताच रेखीव ठिपके प्रकट झाले. ठिपके म्हणजे स्फटिकांची साक्ष! सामान्य तापमानास पट्टी मूळ लांबीच्या सुमारे चौपट होऊ लागली की समांतर आलेले रेणू ठिकठिकाणी शिस्तीने रचले जातात, आणि ताण काढताच ती रचना विरघळून जाते.

व्यवहारात या क्षणभंगुर स्फटिकांचे मोल मोठे आहे. रबरास चीर पडली की तिच्या टोकाशीच ताण सर्वाधिक असतो, साहजिकच स्फटिकही तेथेच दाट बनतात आणि चिरेची वाट अडवतात. वृक्षाने घडवलेल्या रेणूत घटकांची मांडणी जवळजवळ निरपवादपणे एकसारखी असते, म्हणून हे साधते. स्टायरीन आणि ब्युटाडाइन यांपासून केलेल्या कृत्रिम रबरात ती अनियमित असल्यामुळे असे स्फटिक बनत नाहीत. कृत्रिम रबराचे कारखाने इतके वाढूनही विमानांच्या टायरांसाठी चिकाच्याच रबरावर मुख्य भिस्त ठेवावी लागते, ती यामुळे.