जीमूतवाहन

जीमूतवाहन : विद्याधरांचा पौराणिक राजा आणि शिलाहार राजवंशाचा मानलेला मूळपुरुष. शिलाहारांच्या उत्तर कोकण शाखेच्या राज्यात सध्याच्या रायगड जिल्ह्याची किनारपट्टी मोडत असे. जीमूतवाहनाची कथा सोमदेवाच्या कथासरित्सागरात (अकरावे शतक) आढळते. हर्षवर्धनाचे नागानंद (सातवे शतक) हे नाटक तिच्यावरच आधारलेले आहे.

विद्याधरराज जीमूतकेतू हा त्याचा पिता. घरच्या कल्पवृक्षाने जगाचे दारिद्र्य हरावे, असा वर जीमूतवाहनाने मागितला. पुढे भाऊबंदांना राज्याचा लोभ सुटताच ते त्यांना सोडून तो मातापित्यांसह मलय पर्वतावर गेला. तेथे सिद्धांचा राजा विश्वावसू ह्याची कन्या मलयवती हिच्याशी त्याचा विवाह झाला. वासुकीशी झालेल्या करारानुसार गरुड रोज एक नाग भक्षण करी. शंखचूड नागाची पाळी आली, तेव्हा त्याच्या मातेचा शोक पाहून जीमूतवाहन स्वतः वध्यशिलेवर बसला. खरा प्रकार कळल्यावर गरुडाला पश्चात्ताप झाला. गौरीने जीमूतवाहनाला जिवंत केले. गरुडानेही अमृताने पूर्वी मारलेले नाग उठवून नागभक्षण सोडले.

‘शिलेवरील आहार’ झालेल्या पुरुषाचे वंशज म्हणून ‘शिलाहार’, अशी उपपत्ती ह्या कथेवरून सांगतात. तथापि लेखांत सिलार, शिलार, शैलाहार अशी रूपेही येत असल्यामुळे मूळ देशी नावाला ती मागाहून जोडली असावी. शेलार हे आडनाव त्याच नावाचे रूप मानले जाते.

उत्तर कोकणचा पहिला शिलाहार राजा कपर्दी (सु. ८००) हा राष्ट्रकूटांचा मांडलिक होता. कान्हेरीच्या नवव्या शतकातील लेखांत ही वंशकथा नाही. राष्ट्रकूट सत्ता ९७३ मध्ये लयास गेल्यानंतरच्या ताम्रपटांत मात्र ती ठळकपणे येते. अपराजिताचा भादान ताम्रपट (९९७) व अरिकेसरीचा ठाणे ताम्रपट (१०१७) ही त्याची उदाहरणे होत. अधिराज्य नाहीसे झाल्यावर स्वतःच्या कुळाची थोरवी सांगणे ह्या राजांना आवश्यक झाले, असे दिसते. मॅसिडोनियाचे राजेही आपला वंश हेराक्लीझपर्यंत नेत. शिलाहारांच्या ध्वजावर व मुद्रेवर गरुड असे. राष्ट्रकूटांच्या मुद्रांवरही तो आढळत असल्याने ह्या चिन्हाचा उगम केवळ कथेत शोधणे योग्य नाही. ‘तगरपुरवराधीश्वर’ ह्या बिरुदातील तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. त्यावरून ह्या कुळाचे मूळ स्थान देशावर असावे, असे अनुमान करतात.

अरब प्रवासी अल्-मसूदी ९१६ च्या सुमारास चौल बंदरात आला, तेव्हा तेथे झंझ राजाची सत्ता होती. शिलाहारांची राजधानी पुरी ही जंजिऱ्याजवळील राजपुरी की घारापुरी, ह्याविषयी मतभेद आहेत. शेवटचा राजा सोमेश्वर यादव महादेवाशी झालेल्या आरमारी युद्धात सु. १२६५ मध्ये मारला गेला आणि जीमूतवाहनाचा वारसा सांगणारी ही सत्ता संपुष्टात आली.