उपकेंद्रावरच्या अधिकाऱ्याला पुढची पायरी कुठे?

गंगाखेड तालुक्यात राणीसावरगाव, कोद्री, महातपुरी या बाजूच्या एखाद्या उपकेंद्रावर रक्तदाब मोजणारा, साखर तपासणारा, महिन्याच्या गोळ्या बांधून देणारा आणि गरज पडली तर ‘ई-संजीवनी’वरून दूरच्या डॉक्टरशी बोलणे घडवून आणणारा जो माणूस असतो, त्याला गाव सरळ डॉक्टर म्हणते. सरकारी कागदावर तो समुदाय आरोग्य अधिकारी असतो आणि कचेरीत सगळ्यांच्या तोंडी ‘सीएचओ’. २०१८ साली आयुष्मान भारत योजनेत देशातली दीड लाख उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे बळकट करायचे ठरले, तेव्हा उपकेंद्रासाठी हे पद आले. त्या केंद्रांचे नाव पुढे आयुष्मान आरोग्य मंदिर झाले, पद तेच राहिले. पात्रता साधारण अशी: बीएस्सी नर्सिंग, जीएनएम किंवा बीएएमएस, आणि त्यावर सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. महाराष्ट्रात या पदांवर बीएएमएस झालेल्यांचा भरणा मोठा आहे. म्हणजे आत कसे यायचे हे नीट ठरलेले आहे. आत आल्यावर पाच, दहा, पंधरा वर्षांनी माणूस कुठे असेल, याबद्दल मात्र व्यवस्था जवळजवळ गप्प आहे. माझ्या मते हा प्रश्न फक्त कर्मचाऱ्यांच्या गाऱ्हाण्याचा नाही. तो रुग्णाला मिळणाऱ्या उपचाराच्या दर्जाचा आहे.

डॉक्टर आणि परिचारिका यांच्या मधला वैद्यकीय माणूस आपल्याकडे नवा नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर भोर समितीने मोजदाद केली तेव्हा देशात ४७,५२४ नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांतले सुमारे तीस हजार पदवीधर नव्हते. ते कमी मुदतीचे शिक्षण घेतलेले लायसेन्शिएट, म्हणजे ‘एलएमपी’ होते. समितीने १९४६च्या अहवालात हे शिक्षण बंद करून एकच पदवी ठेवावी असे सुचवले. काही सदस्यांनी विरोधी मत नोंदवले, पण ते मागे पडले. तत्त्व म्हणून एकच पदवी ही गोष्ट सुंदर होती. तिचा परिणाम असा झाला की पदवीधर शहरात थांबला आणि खेड्यातली जागा पुढची कित्येक दशके रिकामी राहिली. छत्तीसगडने २००१ साली तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढून ग्रामीण वैद्यकीय सहायक तयार केले आणि काही वर्षांत तो गुंडाळला. आसामने २००४ साली कायदा करून असाच अभ्यासक्रम सुरू केला. ते प्रकरण न्यायालयात गेले आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुना कायदा घटनाबाह्य ठरवला, पण या मंडळींना मर्यादित कामाची मुभा देणारा राज्याचा नंतरचा कायदा टिकवला. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातही कलम ३२ खाली मर्यादित परवान्याची तरतूद आली आणि त्यावरून इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर निदर्शने केली. या सगळ्या वादांत प्रश्न एकच होता: याला आत घ्यायचे की नाही? आत घेतल्यावर त्याचे काय करायचे, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

अमेरिकेत याच कामाच्या जवळचे पद आहे ते फिजिशियन असिस्टंटचे. ड्यूक विद्यापीठात १९६५ साली यूजीन स्टेड यांनी नौदलातून परतलेल्या वैद्यकीय सेवकांना घेऊन पहिली तुकडी सुरू केली. आज तिथे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, राष्ट्रीय परीक्षा, दर दोन वर्षांत शंभर तासांचे सततचे शिक्षण आणि दहा वर्षांच्या चक्रात प्रमाणपत्राचे नूतनीकरण अशी साखळी आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत या व्यवसायाला स्वतःची स्वतंत्र मालिका आहे, आणि वरच्या श्रेणीत जाताना अनुभव आणि जबाबदारी दोन्ही मोजली जातात. भारतात हे शिक्षण १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केले. पण ते पदवीधर प्रामुख्याने खासगी रुग्णालयांच्या हृदयरोग आणि शस्त्रक्रिया विभागांत गेले. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या परिशिष्टात फिजिशियन असोसिएट हे नाव आल्याने त्या पदवीला कायद्यात जागा मिळाली. गंगाखेडच्या रुग्णाला मात्र भेटतो तो सीएचओच, म्हणून आपल्यापुरता विचार त्याचा करायला हवा.

आता उपकेंद्राच्या चार भिंतींतच पाहा. तिथली आरोग्यसेविका जिल्हा परिषदेची कर्मचारी असेल, तर तिला पुढे आरोग्य सहायिका होण्याची वाट आहे. आरोग्यसेवकही सहायक आणि पुढे पर्यवेक्षक होऊ शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याची खुर्ची निदान दिसते तरी. या दोघांच्या मधोमध, कागदावर उपकेंद्राच्या चमूचा प्रमुख असलेला सीएचओ राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटावर असतो. त्याच्या मानधनाची रचना दरमहा पंचवीस हजार आणि कामगिरीनुसार पंधरा हजारांपर्यंत प्रोत्साहन अशी ठरली. पहिल्या वर्षीचा सीएचओ आणि सातव्या वर्षीचा सीएचओ, दोघांचे पदनाम, अधिकार आणि काम एकच. ज्याच्या हाताखाली लोक आहेत त्याला बढती नाही आणि हाताखालच्यांना आहे, असा हा विचित्र उतरंडीचा नमुना आहे.

याचा रुग्णाशी संबंध काय? बाळंतपण किंवा लसीकरण हे ठरावीक मुदतीचे काम आहे. रक्तदाब आणि मधुमेह मात्र माणसाला जन्मभर सोडत नाहीत. निदान करून उपचार सुरू करायचे वैद्यकीय अधिकाऱ्याने, आणि पुढे महिनोन्महिने गोळ्या, तपासणी, पाठपुरावा सांभाळायचा सीएचओने, अशी वाटणी आहे. गंगाखेडच्या बालाघाटाकडच्या गावांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कोणाला तीन महिन्यांच्या गोळ्या आधीच बांधून द्यायच्या, परतल्यावर कोणाच्या घरी स्वतः जायचे, हे यादीत लिहिलेले नसते. ते गावात चार हंगाम काढलेल्या माणसाच्या डोक्यात असते. पुढे काहीच नाही म्हणून तो माणूस पदव्युत्तर प्रवेश मिळताच किंवा स्वतःचा दवाखाना थाटायला निघून गेला, की नवा येईपर्यंत हा सगळा हिशेब पुसला जातो.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांच्या संघटनांचा आहे आणि तो हलका समजू नये. शहराला पूर्ण डॉक्टर आणि खेड्याला अर्धा, ही दुजाभावाची व्यवस्था कायम करायची का, असे ते विचारतात. या ठिकाणी छत्तीसगडमधला एक अभ्यास उपयोगी पडतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांवर काम करणाऱ्यांची नेहमीच्या आजारांवरची जाण तपासली, तेव्हा तीन वर्षे शिकलेले ग्रामीण वैद्यकीय सहायक एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तोडीचे निघाले. पण त्याच अभ्यासात आयुष डॉक्टर त्यांच्या खाली आणि परिचारिका, औषधनिर्माते त्याहून खाली राहिले. हा दुसरा निष्कर्ष सीएचओच्या समर्थकांना अडचणीचा आहे, कारण आपले सीएचओ नेमके याच दोन गटांतून येतात. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाने ती तफावत भरून निघते असे मी म्हणणार नाही. म्हणूनच पायऱ्यांचा आग्रह आहे. शिक्षण सहा महिन्यांवर थांबवले आणि जबाबदारी तीच ठेवली, तर तफावत तशीच राहते. दर काही वर्षांनी नवे प्रशिक्षण, परीक्षा आणि त्याबरोबर वाढीव अधिकार व पगार ठेवला, तर शिकण्याला कारण मिळते. नुसत्या कार्यशाळांच्या हजेरीपटाने ते मिळत नाही.

दुसरी भीती अशी की वरच्या पायऱ्या दिल्या की ही मंडळी स्वतःला डॉक्टर म्हणवू लागतील. ब्रिटनमध्ये हीच भीती वादाच्या केंद्रस्थानी होती. तिथे प्रा. जिलियन लेंग यांच्या जुलै २०२५च्या अहवालाने फिजिशियन असोसिएटचे नाव बदलून पुन्हा असिस्टंट करावे, आजाराचे निदान न झालेले रुग्ण त्यांच्याकडे थेट जाऊ नयेत, असे सुचवले. पण त्याच अहवालाने त्यांना पुढच्या वरिष्ठ पातळीची वाटही असावी असे म्हटले आहे. मर्यादा घट्ट ठेवायची आणि त्या मर्यादेत वर जायला जागा द्यायची, हे एकत्र जमू शकते. उलट जिथे पायऱ्या लिहिलेल्या नसतात तिथेच कोण काय करू शकतो हे धूसर राहते.

तिसरे म्हणणे सरकारी तिजोरीचे आणि कायमपणाचे. २०२५च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अभियानाच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी संप केला. दहा वर्षे सेवा झालेल्यांना सामावून घेण्याच्या मार्च २०२४च्या शासन निर्णयाची अंमलबजावणी ही त्यांची मुख्य मागणी होती. मागणी न्याय्यच आहे. तरी कायम होणे आणि पायरी चढणे यांत फरक आहे हे संघटनांनीही मान्य करावे. त्याच जागेवर निवृत्तीपर्यंत कायम केलेला सीएचओ सुरक्षित असेल, पण दहाव्या वर्षी तो पहिल्या वर्षापेक्षा अधिक जाणता होईलच असे नाही. आणि खर्चाचे म्हणाल, तर दर दोन-तीन वर्षांनी नव्या माणसाची निवड, सहा महिन्यांचे प्रशिक्षण आणि मधल्या काळातले रिकामे उपकेंद्र हाही खर्चच आहे. तो कुठल्या लेखाशीर्षाखाली दिसत नाही, एवढेच.

मग पायऱ्या कशा असाव्यात? मला वाटते, पाच वर्षांच्या सेवेनंतर असंसर्गजन्य आजार, मानसिक आरोग्य किंवा माता-बाल आरोग्य यांपैकी एका विषयाचे वर्षभराचे प्रशिक्षण आणि परीक्षा, आणि उत्तीर्ण झालेल्याकडे एका प्राथमिक आरोग्य केंद्राखालच्या सगळ्या उपकेंद्रांची देखरेख. त्याच्या वर तालुक्यात प्रशिक्षण आणि पाठपुराव्याची जबाबदारी असलेले एक पद, आणि ज्यांना बाजूची वाट हवी त्यांना सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सेवेतून काही राखीव जागा. मर्यादेचा कायदा आणि देखरेख वैद्यकीय अधिकाऱ्याचीच राहील. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे, गंगाखेडला उपजिल्हा रुग्णालय आहे. प्रशिक्षणासाठी मुंबई-पुण्याला जाण्याचे कारण उरलेले नाही. महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यक विभागाला अशा वर्गासाठी गावे आणि रुग्ण लागणार, आणि ते दोन्ही सीएचओच्या रोजच्या नोंदवहीत आहेत.