मंद गतीचे सामर्थ्य

बडोदे संस्थानात १८६२ साली खंडेराव महाराज गायकवाडांनी डभोई ते मियागाम अशी अरुंद लोहवाट घातली. आरंभी तिच्यावरील गाड्या बैल ओढीत. बैलाची चाल मंद खरी. परंतु गाडी जागची हलविताना तो सारे बळ जुवाला लावतो.

आज मुले प्लास्टिकच्या विटा जोडून विजेची आगगाडी रचतात, तेव्हा हेच कोडे त्यांच्यापुढे उभे राहते. गती मंद करावी म्हणून मोटारीचा विद्युत्दाब उतरविला, की तिचे बळही उतरते. आसाचे घर्षण तिला जिंकवत नाही. ती अडते, आणि दाब किंचित वाढविताच गचका देऊन धावते. विटा निखळतात, मूल हिरमुसते.

यावर उपाय दोन. मोटारीवरील आठ दात्यांच्या चाकाने चाळीस दात्यांचे चाक फिरवावे: वेग पाचवा हिस्सा होतो, आणि घर्षणात जाईल तेवढे वगळता बळ पाचपट. दुसरा उपाय असा, की दाब पूर्ण ठेवून प्रवाह सेकंदास शेकडो वेळा चालू-बंद करावा. चालू राहण्याचा काळ हळूहळू वाढविला, की वेगही हळूहळू वाढतो. प्रत्येक ठोक्यास पूर्ण दाब असल्याने चाक सहसा अडत नाही.

पालकहो, मुलाच्या हातून हे कोडे हिसकावून घेऊ नका. संतापाच्या एका गचक्याने विटांप्रमाणे कोवळे मनही निखळते. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने सौम्य जनांना धन्य म्हटले आहे. सौम्यता म्हणजे दुर्बलता नव्हे; ते आवरून धरलेले बळ होय.