अंडर गेलेल्या फ्रेम आणि टाइमलॅप्सबद्दलचे गैरसमज

पावसाळ्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून गेलं की पंचबोलच्या दरीतून ढग वर सरकताना दिसतात. अचलपूर-परतवाड्याकडच्या हौशी छायाचित्रकाराला याचा टाइमलॅप्स करावासा वाटला नाही तरच नवल. ट्रायपॉड लागतो, दर पाच सेकंदांना एक फ्रेम टिपली जाते. घरी संगणकावर पाहावं तर पांढरंशुभ्र धुकं राखाडी आणि डोंगर काळाठिक्कर. 'सगळे अंडर गेले', म्हणजे उजेड कमी पडला, असं म्हणत एक्स्पोजरची पट्टी सरसकट उजवीकडे ओढली जाते. कधी तेवढ्यावर भागतं, पण पुष्कळदा एक दोष झाकताना दुसरा उघडा पडतो. कारण फ्रेम काळी पडण्याची कारणं अनेक आहेत आणि प्रत्येकाचा इलाज निराळा आहे.

ही अडचण डिजिटल कॅमेऱ्यानं आणली, हाही एक समज. दादासाहेब फाळके यांनी लंडनहून परतल्यावर १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून दररोज फ्रेम टिपत 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला. रोजचा उजेड वेगळा आणि फिल्म धुतल्याशिवाय काही दिसायची सोय नाही. फ्रेमला फ्रेम जुळवण्याचा प्रश्न भारतीय चित्रपटाच्या पाळण्यातलाच आहे.

धुक्यात उजेड कमी, म्हणून फोटो काळे येतात, असं सर्रास सांगितलं जातं. खरं कारण मीटरमध्ये आहे. समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी असणार, असं कॅमेऱ्याचं मीटर गृहीत धरतं. चौकट पांढऱ्या धुक्यानं भरली की त्याला ती 'फार उजळ' वाटते आणि ते उजेड कापतं. चित्रण करतानाच एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवलं तर हे टळतं. राहून गेलं असेल तरी फारसं बिघडत नाही. सगळ्या फ्रेम सारख्याच अंडर असतील, तर सगळ्यांना सारखंच उचलणं हाच बरोबर उपाय आहे आणि रॉ फाइल एवढा ताण सहज सोसते.

पण 'रॉ आहे ना, मग कितीही उचलता येतं' हा मात्र सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज. रॉमध्ये आलेला उजेड शाबूत राहतो. न आलेला उजेड त्यात कुठून असणार? सेन्सरच्या एका बिंदूवर १०,००० फोटॉन पडले तर प्रकाशाचा नैसर्गिक चढउतार त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १०० असतो. हा झाला एक टक्का. तीच फ्रेम चार स्टॉप अंडर गेली तर फोटॉन पडतात ६२५ आणि चढउतार २५, म्हणजे चार टक्के. संपादनात चार स्टॉप उचलले की प्रतिमेसोबत हा खरखरीतपणा, म्हणजे नॉइजही उचलला जातो. सुट्या फोटोत तो खपून जाईल. टाइमलॅप्समध्ये मात्र प्रत्येक फ्रेमचा नॉइज वेगळा, त्यामुळे सावलीचा भाग पडद्यावर अखंड वळवळत राहतो. जेपीजीत चित्रण केलं असेल तर आणखी पंचाईत. आठ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, त्यातल्या गडद भागाच्या वाट्याला थोड्याच. उचलल्यावर आकाशात पट्टे उमटतात.

मग चित्रण करतानाच हे लक्षात का येत नाही? बरेच जण कॅमेऱ्याच्या पडद्यावर विश्वास ठेवतात. रात्री डोळे अंधाराला सरावलेले असतात, तेव्हा दोन स्टॉप अंडर फ्रेमसुद्धा त्या पडद्यावर झगझगीत दिसते. विश्वास ठेवायचा तो हिस्टोग्रामवर. तोही बहुतेक कॅमेऱ्यांत रॉवरून नव्हे, आत दडलेल्या जेपीजीवरून काढलेला असतो. पण आलेख डाव्या भिंतीला चिकटला असेल तर तेवढा इशारा पुरेसा असतो.

संध्याकाळ हे सर्वांत अवघड प्रकरण. अचलपूरबाहेर गोल तलावाच्या मधोमध उभा असलेला हौज कटोऱ्याचा अष्टकोनी बुरूज आणि त्यामागे मावळतीपासून चांदण्यांपर्यंतचं आकाश, असा टाइमलॅप्स योजला तर हिशेब काय होतो ते पाहावं. सूर्य टेकताना १/१२५ सेकंद, एफ ८, आयएसओ १००. पूर्ण काळोखात २० सेकंद, एफ २.८, आयएसओ ३२००. शटरचे अकरा, अ‍ॅपर्चरचे तीन आणि आयएसओचे पाच, असे एकूण एकोणीस स्टॉप. म्हणजे प्रकाशात पाच लाख पटींचा फरक. या अक्षांशावर सूर्यास्तापासून पूर्ण काळोख व्हायला साधारण सव्वा तास लागतो. सरासरी काढली तर दर चार मिनिटांना प्रकाश निम्मा होतो. 'ऑटोवर ठेवलं की कॅमेरा सांभाळून घेईल' ही समजूत इथे मोडते. ऑटो आयएसओ ठरवलेल्या मर्यादेला जाऊन थांबतो, फार मंद उजेडात अनेक मीटर चुकतात आणि इंटरव्हल, म्हणजे दोन फ्रेममधला अवधी, दहा सेकंदांचा असेल तर वीस सेकंदांचं शटर त्यात मावणारच नाही. शेवटच्या शे-दीडशे फ्रेम हळूहळू बुडत जातात त्या यामुळे.

इथे एका फ्रेमची सेटिंग सगळ्यांवर चिकटवून चालत नाही. अधूनमधून की-फ्रेम निवडायच्या, त्या नीट करायच्या आणि मधल्या फ्रेमना क्रमाक्रमानं बदलणारी मूल्यं द्यायची. एलआरटाइमलॅप्स हे सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. लाइटरूम क्लासिकमधली 'मॅच टोटल एक्स्पोजर्स' ही आज्ञा शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओचे आकडे वाचून फ्रेम जुळवते, त्यामुळे हातानं सेटिंग बदललेल्या जागचे धक्के ती छान काढते.

ही आज्ञा फ्लिकर, म्हणजे फ्रेमागणिक उजळपणाचं लुकलुकणं, मात्र काढत नाही. मॅन्युअल मोडवर असूनही मधलीच एखादी फ्रेम किंचित काळी येते, तेव्हा शटरला दोष दिला जातो. बहुधा दोषी असतात अ‍ॅपर्चरच्या पात्या. प्रत्येक क्लिकला त्या मिटतात आणि दर वेळी केसभर वेगळ्या जागी थांबतात. नोंद मात्र प्रत्येक फ्रेममध्ये एफ ८ चीच. लेन्स पूर्ण उघडी ठेवली किंवा हातानं अ‍ॅपर्चर फिरवायची जुनी लेन्स लावली तर हे होत नाही. झालंच असेल तर डीफ्लिकर हवा, आणि तो आकड्यांवर नव्हे तर प्रत्यक्ष उजळपणावर चालणारा. त्यातही घाई नको. मेळघाटाच्या डोंगरावरून ढगाची सावली सरकते तेव्हा फ्रेम खरोखरच गडद व्हायला हवी. सरसकट डीफ्लिकर केलं तर ती सावलीच पुसली जाते आणि दृश्य निर्जीव होतं. उजळपणा मोजायचा भाग सावली न पडणारा निवडावा.

आणि जे फारच बुडालं असेल त्याचं काय? थोडा दिलासा आकारमानातूनच मिळतो. २४ मेगापिक्सेलची फ्रेम ४के व्हिडिओत उतरवली की अडीच-एक बिंदूंचा एक बिंदू होतो आणि नॉइज सुमारे दीडपटीनं घटतो. त्याहून जास्त हवं असेल तर लागोपाठच्या चार फ्रेमची सरासरी घ्यावी. नॉइज निम्म्यावर येतो. ही सरासरी फक्त बुरूज, डोंगर अशा स्थिर भागापुरती मास्क लावून घ्यायची. आकाशाला लावली तर चांदण्यांच्या रेघा होतात.